एक पापुद्रा

विल्फने कथबर्टचा लीक उपटला नाही. पाळण्यातून बाळ घ्यावं तसा दोन्ही हातांनी मातीतून वर घेतला.

कथबर्ट पाय मोडून घरात पडला होता, आणि लीकचं प्रदर्शन तर दुपारी क्लबात. सकाळी त्याची बायको एडना येऊन सांगून गेली की, विल्फशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तो आपल्या लीकला लागू देणार नाही.

लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ. डरहॅमकडच्या या खाणकामगारांच्या गावात माणसाचा मान त्याच्या लीकच्या जाडीवर ठरतो. चषक दरवर्षी कथबर्टचा, दुसरा नंबर विल्फचा. विल्फ हसून हात मिळवतो आणि घरी येऊन ताट बाजूला सारतो.

'जेलस' हा शब्द गावात फार स्वस्त आहे. कुणी सुट्टीला स्पेनला निघालं की बायका म्हणतात, मी तर बाई जेलस आहे. ऐकणारीही खूश होते. ज्यांची खरोखर जळते ते मात्र हा शब्द तोंडातून काढत नाहीत. विल्फने तो कधीच काढला नव्हता.

धुताना वरचा मळका पापुद्रा काढावाच लागतो. आणखी एक गेला तर लीक बारीक होतो, आणि पंच घेर मोजतात. विल्फचा लीक शेजारीच धुऊन ठेवलेला होता. फरक जेमतेम एका पापुद्र्याचा, नुसत्या नजरेला कळणारा. त्याने कथबर्टच्या लीकला नख लावलं. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग नख काढून त्याने स्पंज हातात घेतला.

संध्याकाळी तो कथबर्टने यंदाही जिंकलेला चषक घेऊन त्याच्या खाटेपाशी आला.

कथबर्टने चषक फिरवून फिरवून पाहिला. "तुझ्या जागी मी असतो ना, तर एक पापुद्रा जास्त काढला असता."

"माझ्याही मनात आलं होतं." विल्फ खुर्चीत बसला. "वर्षानुवर्षं जेलस आहे मी तुझ्यावर. बायका म्हणतात तसा नाही, खराखुरा. जेवण जात नाही मला."

बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. कथबर्टने चषक बाजूला ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान विल्फने बक्षीस घेतानाही पाहिलं नव्हतं.

"एडना, इकडे ये जरा," कथबर्टने हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिल्यावर तो विल्फकडे वळला.

"हं. आता परत म्हण."