परदेशी राख

जालन्यात बेबीनंदाबाईंच्या घरावर शेजारच्या कारखान्याच्या धुराड्यातली काजळी रोज पडायची. सासऱ्यांचा दमा वाढला तसे बाईंनी प्रदूषण मंडळाकडे अर्जांवर अर्ज केले, पण कुणी फिरकलं नाही.

गेल्या आठवड्यात परदेशात ज्वालामुखी फुटला. त्याची राख वाऱ्यासोबत इकडं येतेय, अशी टीव्हीवर बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाचे तपासणीचे साहेब मास्क लावून दारात हजर. त्यांनी गच्चीवरची काजळी बोटावर घेऊन पाहिली.

"बाई, ही ज्वालामुखीची राख. आमच्या हद्दीत येत नाही."

"अहो साहेब, तीन वर्षं झाली, रोज पडून राह्यली ही! मामांना धड श्वास घेता येत न्हाई."

साहेबांनी मान डोलावली आणि अहवालात लिहिलं :



'सदर ज्वालामुखी तीन वर्षांपासून जागृत असल्याचे आढळून आले.'