भागिरथेचा पाय

"सोड," लाल गाडीखालून पुंजाजीचा आवाज आला.

संघदीपनं क्लचवरचा पाय उचलला. खाली बापानं नट उघडाच ठेवला होता. सुर्र आवाज झाला. तेल बाहेर यायचं तर हवाच आत गेली. झालं, पुन्हा पहिल्यापासून. ही चौथी खेप.

"बाबा, नट उघडा असल्यावर सोड काहून म्हनता?" संघदीप सीटवरूनच ओरडला. "तुमीच शिकवलं ना मले, नट उघडा तवरोक पाय दाबूनच धरा लागते म्हून!"

पुंजाजी आजकाल कमीच बोलायचा. दिवाळीत लकव्याचा झटका येऊन गेला. हात वाचला, चाल वाचली. लोक म्हणत, म्हातारा तिरसट झाला.

शेलूबाजारच्या फाट्यावरच्या या गॅरेजात जीपा आल्या, ट्रॅक्टर आले. दोनच माणसांची, भुईला पोट घासत चालणारी गाडी आजवर आली नव्हती. क्लचचा सिलिंडर गळून ती मोठ्या रस्त्यावर उभी राहिली. नवा सिलिंडर नागपूरहून ट्रॅव्हल्सनं आला, संघदीपनं बसवलाही. आता नळीतली हवा तेवढी काढायची. पण तो नट अशा सांदीत, की संघदीपचा जाडा हात शिरेना. बापाचा वाळका हात शिरला, म्हणून बाप खाली.

गाडीवाला शिवम घाम पुसत म्हणाला, "दुसरा मिस्त्री नाही का जवळपास?"

संघदीप उतरून त्याच्याजवळ गेला. "आजच्या दिवस घ्या चालवून, दादा. उद्यापासून मी त्याहीले घरीच बसवतो."

हळूच बोलला तो. पण जुन्या टायरावर बसलेल्या भागिरथेला हळू बोललेलं आधी ऐकू येई. ती दुपारी नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. चार वाजले, डबा बांधलेलाच. ती उठली. गुडघे कडकड वाजले.

"हो बाजूले."

"माय, तू कायले..."

"हो म्हनते ना. तुह्या पायात अक्कल नाही. तू पाळन्यात होता तवा या फाट्यावरच्या जीपायचे क्लच म्याच दाबले."

लुगडं आवरून ती गाडीत शिरली, ती एकदम खालीच गेली. "अवं माय! एवढी महागाची गाडी, अन् बसाचं भुईवरच?"

शिवमला हसू आलं. ती हसली नाही. पाय लांबवून तिनं क्लच शोधला अन् खाली वाकून म्हणाली, "काहो, मी बसली आता."

खाली पाना वाजला.

"सोड."

भागिरथेनं क्लच तळापर्यंत दाबला अन् धरून ठेवला. नळीतून तेल आलं, तिच्या तोंडाशी ठेवलेल्या बाटलीत बुडबुडे उठले. खाली पुंजाजीनं नट आवळला.

"धर."

तिनं पाय उचलला.

"मावशी," शिवम पुढं झाला, "ते धर म्हनून राह्यले अन् तुमी..."

"तुमी गाडीचे मालक, दादा. पायाचे नाही."

"सोड," खालून आलं. तिनं दाबला. पुन्हा बुडबुडे.

संघदीप बाटलीकडं पाहत होता, आता तो मायकडं पाहायला लागला. सकाळी जेवताना बाबानं पाणी मागितलं, तर मायनं मिठाचा डबा पुढं केला होता. संघदीपच मायवर खेकसला होता. बहिरी झाली का तू, म्हणाला होता. त्याच्या आज्यालाही कधी उलटून बोलायला न भ्यालेली ती बाई खाली मान घालून म्हणाली होती, हो, झाली. अन् बाबानं ते मीठ भाजीत टाकून मुकाट्यानं जेवण केलं होतं.

"यायचं सारं उलटंच चालू हाये," शिवम म्हणाला.

"नाही दादा," संघदीप म्हणाला. "बरोबर चालू हाये. तुमी बाटलीकडं पाहा."

सोड. धर. सोड. धर. किती वेळा, कोणी मोजलं नाही. भागिरथेची मांडी थरथरायला लागली. तिनं दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटला, पण मिस्त्र्याला थांब म्हणाली नाही. बुडबुडे बारीक झाले, मग बंद. तेलाची सरळ धार आली. पायाखाली क्लच टणक लागला.

"भरला," ती म्हणाली. खाली नट आवळल्याचा आवाज झाला.

तिला उतरवायला संघदीपनं हात दिला. तिनं तो झटकला अन् दाराला धरून आपली आपण उठली. जॅक उतरवायच्या आधी पुंजाजी पोत्यावरून सरकत बाहेर आला. त्याचा हात कोपरापर्यंत तेलानं काळा झाला होता. भागिरथेनं तो हात धरून त्याला उठवून उभं केलं.

शिवमनं गाडी सुरू केली. गिअर लोण्यासारखा पडला. त्यानं काचेतून मान बाहेर काढली. "परत काही झालं तर येतो. हे बाबा असतीन ना?"

संघदीपनं बापाकडं पाहिलं नाही. फडक्याला हात पुसत म्हणाला, "असतीन. दोघंबी असतीन."

गाडी गेली. धुरळा खाली बसला. पुंजाजी तिथंच उभा, अन् त्याचा तेलकट हात अजून बायकोच्या हातात. समोरच्या चहाच्या टपरीवरले लोक पाहत होते.

"सोड," तो हळूच म्हणाला.

"आलं ऐकू," भागिरथा म्हणाली, अन् हात आणखी घट्ट धरला.