मानकोलीची चार मिनिटं

कोन गावची विनिता अडतिसाव्या वर्षी पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी करत होती. रोज सकाळी धावून आली की मनगटावरच्या घड्याळाने टिपलेली नोंद ती मोबाइलवर बघायची. महिनाभर त्यात एकच गोष्ट खटकत होती. मानकोलीच्या गोदामांपासून पुलापर्यंतची चार मिनिटं हृदयाचे ठोके शून्य दिसायचे. पावलं बरोबर, वेग बरोबर, फक्त ठोके तेवढे नाहीत.

कोचने घड्याळ बदलून दिलं, तरी शून्यच. मग तिचा नवरा प्रितेश तेच घड्याळ बांधून तिथून धावला. त्याचे ठोके शेवटपर्यंत नीट उमटले.

घरी येऊन त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. "उद्यापासून त्या रस्त्याला जायचं न्हाय."

"का? एका आकड्याला भिऊन?" विनिता म्हणाली. "मी धावणार तर तिथंच धावणार."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. गोदामांपुढे ट्रक रिकामे होत होते. तिच्या डोळ्यांदेखत एकशे अठ्ठावन्नचा आकडा शून्यावर आला.

"खोटारडं कुठलं," ती पुटपुटली आणि धावता धावताच तिने दोन बोटं गळ्यावर दाबली.

श्वास चालू होता. घाम निथळत होता. पाय तालात पडत होते. बोटांखाली मात्र काहीच हलत नव्हतं. तिने गळ्याची दुसरी बाजू चाचपली. तिथंही काही नाही.

पूल आला. पूल मागे पडला. आकडा शून्यच राहिला.

विनिताने हात खाली घेतला आणि वेग वाढवला.