मालक झोपलेत

"हळू बोला. मालक झोपलेत," दार उघडत बाई म्हणाल्या.

पर्यवेक्षकाने मान डोलावली. त्याची आईही वडिलांना मालकच म्हणायची. बूट बाहेर काढून तो आत आला. खिडकीखाली शिलाई मशीन होतं, त्यावर शाळेचा अर्धवट शिवलेला शर्ट. मशीनमागे बाईंचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.

त्याची संस्था लोकांची घरं सांभाळायची. भाडेकरू ठेवायचे, नळ-दिवे दुरुस्त करायचे, वेळ आली की घर रिकामं करून द्यायचं. या घराची वेळ आली होती. घरमालक वयस्कर, त्याला संस्थेत कुणी कधी पाहिलं नव्हतं. बाबांची सोय केली आहे, असं मुलाने फोनवर सांगितलं होतं. कारभारही तोच बघायचा, परदेशातून. आता त्याला घर विकायचं होतं.

"करारात तुम्ही एकट्याच आहात," पर्यवेक्षक म्हणाला.

"तेव्हा एकटीच होते. मालक मागच्या थंडीत आले. दार उघडंच होतं. सरळ आत आले, चपला कोपऱ्यात ठेवल्या नि खुर्चीत बसले. जसे काही बाजारातून परतलेत."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? चहा टाकला."

तो हसला. "पुरुषांना घर उशिराच आठवतं."

"यांना आता तेवढंच आठवतं," बाई म्हणाल्या.

त्याने खिडकी ओढून पाहिली. हलेना.

"जरा वर उचलून ओढा. मालकांनी शिकवलं. मी उगीच इतके दिवस तिच्याशी कुस्ती खेळत होते."

खिडकी अलगद सरकली. ती उघडी ठेवून, बाहेर बघतच, त्याने घर सोडायला सांगितलं.

बाई स्टुलावर बसल्या. शर्टाची एक बाही उगाचच सरळ करत राहिल्या.

"माझं काय, मशीन उचललं की निघाले. यांचं काय करू? नव्या जागी यांना काही म्हणजे काही सुधरत नाही. इथे अंधारातसुद्धा बरोबर न्हाणीघर गाठतात. इथून हलवलं तर जगायचे नाहीत हो."

अशी कितीतरी घरं पर्यवेक्षकाने रिकामी केली होती.

"मी त्या मुलाशी बोलून बघतो. घरात आजारी माणूस आहे म्हणून सांगतो."

"नको." बाई झटकन उठल्या. "मालक इथे आहेत हे त्याला कळवू नका. हात जोडते तुमच्यापुढे."

करार मोडल्याची भीती असणार, असं त्याला वाटलं.

"आतली खोली बघावी लागेल," तो म्हणाला.

आत म्हातारा जागाच होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पाय जमिनीला टेकलेले, पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखा बसलेला.

"तुम्हीच सांगा त्यांना," बाई दारातूनच म्हणाल्या. "माझ्याच्याने व्हायचं नाही."

पर्यवेक्षक त्याच्यासमोर वाकला. "काका, ही जागा सोडावी लागणार. मालकांनी घर रिकामं करायला सांगितलंय."

म्हाताऱ्याने ओशाळून दाराकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "मी असं कधी म्हणालो होतो का तुम्हाला?"