मयताचा वूफर

अ‍ॅम्प्लिफायर अजून जोडलाच नव्हता, तरी काउंटरवरच्या वूफरचा पडदा धपकन हलला.

नझीरचा मोबाइल तसाच कानाशी राहिला. पलीकडून मेहुणा सांगत होता की नशरा त्यांच्याकडे आलेली नाही. नझीरने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याची नजर त्या काळ्या गोल पडद्यावर खिळली होती. पडदा पुन्हा हलला. आवाज बारीक होता, कुणी उशीवर बुक्की मारावी तसा.

दुकानाच्या आसपास खेळणारी त्याची पाच वर्षांची मुलगी नशरा दुपारच्या अजानपासून दिसत नव्हती. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. बंदर रोडवरची निम्मी दुकानं तिला शोधायला बाहेर पडली होती. तिची आई शमा घराघरांतून विचारत फिरत होती. शेजारचा पंक्चरवाला काशिराम खाडीकडे बघून येतो म्हणून गेला होता.

नझीर गाड्यांत साउंड सिस्टिम बसवायचा. त्या कामात पनवेलमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, निदान तो स्वतः तसं सांगायचा. वूफर अ‍ॅम्प्लिफायरला झेपणारे हवेत आणि एकमेकांच्या जोडीचे हवेत, नाहीतर एक ओरडतो आणि दुसरा रुसून बसतो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. रोडपालीच्या अंकुशकडे एक जुना वूफर होता, त्याला जोड हवी होती. ते मॉडेल बाजारातून कधीच गेलेलं. नझीरने हट्टाने शोधून तस्साच एक पैदा केला. तो पळस्प्याजवळ चेंदामेंदा झालेल्या एका गाडीतून निघाला होता. गाडी चालवणारा पोरगा जागीच गेला होता.

मयताची चीज घरात नको, असं शमा तेव्हाच म्हणाली होती. नझीरने ते हसण्यावारी नेलं. चुंबकाला काय कळतं कोण मेलं ते, असं वर तिलाच सुनावलं.

आज सकाळी अंकुश दुकानासमोर गाडी लावून कामावर निघून गेला. नझीरने त्याच्या गाडीतल्या वूफरपासून आत काउंटरपर्यंत लांब वायर ओढली आणि दोन्ही वूफर एकमेकांना जोडले, प्लसला प्लस, मायनसला मायनस. आता अ‍ॅम्प्लिफायर लावून जोडी वाजवून बघायची तेवढी राहिली होती. इतक्यात अजान झाली. तो नमाजला गेला, आणि परत येतो तो शमा रडत दारात उभी.

धप. धप. धप.

काशिराम खाडीवरून परत आला, पोरगी तिकडे नाही हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि दारातच थबकला. अ‍ॅम्प्लिफायर बाजूला स्टुलावर पडला होता, त्याला एकही वायर नव्हती. मग याला करंट कुठला, असं त्याने विचारलं.

काशिरामचा आवाज एकदम खाली आला. "ज्याचा हाय तो आलाय, नझीरभाय. त्याला वाट ठेवू नको. तोड ती वायर."

एरवी नझीर या बोलण्यावर खो खो हसला असता. आज नाही. मी त्याची चीज आणली आणि त्याने माझी नेली, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. हिय्या करून त्याने पडद्यावर तळहात ठेवला. खालून काहीतरी हाताला लागलं. थांबलं. मग पुन्हा लागलं, पण आधीपेक्षा हलकं. त्याने मनातल्या मनात कलमा म्हटला, कटर उचलला आणि वायर तोडली.

पडदा थांबला.

नझीर कटर ठेवून खाली बसला. गेला तो, असं पुटपुटला. आता आपली पोरगी परत येणार, असं त्याला अगदी आतून वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात शमा आली, रिकाम्या हातांनी, उन्हाने लालबुंद झालेली. तिचा पाय तुटक्या वायरीत अडकला. तिने ती उचलली आणि दाराबाहेर गेलेल्या टोकाकडे बघत राहिली.

"ही कुठं जाते?"

"अंकुशच्या डिकीत," नझीर म्हणाला. म्हणाला आणि तसाच थिजला.

जोडलेल्या दोन वूफरांपैकी एकाचा पडदा दाबला की दुसऱ्याचा आपोआप हलतो. त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही, करंट लागत नाही. ही गंमत तो स्वतःच गिऱ्हाइकांना, आणि नशरालाही, करून दाखवायचा. आवाज बाहेर फुटू नये म्हणून डिकीला आतून जाड शीट त्यानेच चिकटवलं होतं. आणि नमाजला उशीर नको म्हणून डिकीचं झाकण आत न बघता आपटलं होतं, तेही त्यानेच.

तो धावला. किल्ली भोकात जाईना. झाकण उघडलं तशी गरम वाफ तोंडावर आली. आत नशरा कुशीवर पडली होती, घामाने निथळत, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. तिची इवलीशी मूठ मात्र अजून वूफरवर पडत होती, हळूहळू, अब्बा ऐकतायत या भरवशावर.