प्रबंधातली बाई

“या बायका खरंच आहेत, की तुमच्या प्रबंधातच राहतात?” समितीच्या एका सदस्यानं विचारलं, तशी सभागृहात खसखस पिकली.

विभावरीचे कान तापले. समलिंगी जोडप्यांना कायद्यानं कुटुंब मानावं का, हे सरकारला सांगणाऱ्या समितीपुढे ती आपलं संशोधन मांडत होती. गावोगाव फिरून तिनं एकत्र संसार करणाऱ्या बायकांना बोलतं केलं होतं.

“आहेत. पण नावं न सांगण्याचा मी शब्द दिलाय.”

“मग हे संशोधन बाजूला ठेवावं लागेल.”

एवढ्यात मागच्या रांगेतून एक पिकल्या केसांची बाई उठली. तिला पाहून विभावरी थरारली. भंडाऱ्याच्या इंदूमावशी!

“साहेब, हिनं शब्द पाळला. आता मीच तिला त्यातून मोकळी करते. मी इंदू खोब्रागडे. तिनं लिहिलेली ती बाई मीच आहो.”

विभावरीला आनंदानं ओरडावंसं वाटलं. अध्यक्षांनी शिपायाला खूण केली. “बाईंना पुढे खुर्ची द्या. समितीला त्यांचं ऐकायचंय.”

“एका खुर्चीनं कसं भागंल, साहेब?” म्हणत इंदूमावशींनी शेजारच्या बाईचा हात धरला. ती आधीच उठून उभी राहिली होती.