थोरल्याची पाळी

"आहात ना रे सगळे?"

आईची हाक मक्यावरून आली. पीक डोक्याच्या वर गेलेलं, त्यात सकाळचं धुकं. शेजारच्या ओळीतला माणूसही दिसत नव्हता. बाप खोकला. मग थोरल्याची शीळ आली, बारीक, शेवटी उंच चढणारी. "हो," मधला म्हणाला. "आहे गं," धाकटी म्हणाली. पुन्हा कणसं मोडल्याचे आवाज सुरू झाले.

गाव सुटलं तेव्हापासूनची ही त्यांची रीत. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली कोण कुठे कोंबलंय ते कळायचं नाही, म्हणून आई हाक मारायची आणि मोठ्यापासून धाकट्यापर्यंत सगळे ओ द्यायचे. ट्रक गेले, शेतं बदलली, रीत राहिली. थोरला मात्र राहिला नाही. वाटेतच तापाने गेला. त्याला रस्त्याकडेला पुरलं. ट्रक फार वेळ थांबणार नव्हता, त्यामुळे धड रडताही आलं नाही.

त्यानंतर पहिल्यांदा शीळ आली तेव्हा मधल्याच्या अंगावर काटा आला होता. मग त्याने ठरवून टाकलं, ही धाकटी. आईसाठी करत असणार. त्याने विषय काढला नाही. कुणीच काढला नाही.

आज काढणं भाग होतं. दुसऱ्या टोळीचा ट्रक थोड्या वेळात निघणार होता आणि त्याने त्यात जागा धरली होती. बापाशी रोजचे खटके, आईचं तोंड मिटून बसणं, या सगळ्याला त्याचा जीव विटला होता. एकट्याचं पोट कुठेही भरेल. मका बाजूला सारत, बोचकं खांद्यावर घेऊन तो धाकटीच्या ओळीत शिरला.

"मी चाललो. आईला तू सांग. आणि शीळ बंद करू नकोस."

धाकटी बोचक्याकडे बघत राहिली. "मला कुठे येते शीळ? मला वाटलं, तू."

"मी? मी फुंकलं की थुंकीच उडते."

ते खरंच होतं. त्याला शिकवता शिकवता थोरल्याने हात टेकले होते.

दोघं बापाकडे गेले. "पुढचे दात कुठायत मला?" बाप म्हणाला. "मी समजत होतो, तुमची आईच मनाची समजूत घालतेय."

तिघं बांधावर आले. आई पाटी रिकामी करत होती. धाकटीने विचारलं तशी पाटी तिच्या हातात तशीच राहिली.

"मी नाही रे. तुमच्यातलं कुणीतरी माझं मन राखतंय असं धरून चालले होते. म्हणून तर हाक मारत होते."

कुणी कुणाकडे बघेना. मुकादम ओरडला तसे बाप आणि धाकटी आपापल्या ओळीत गेले. मधला ट्रकच्या दिशेने निघाला. धुक्यात हॉर्न वाजला. मागून आईची हाक आली. या वेळी आवाज कापत होता.

"आहात ना रे सगळे?"

बाप खोकला.

मग काहीच आलं नाही. मधला थांबला. कणसं मोडण्याचे आवाजही थांबले होते. थोरला खरा गेला तो आत्ता, असं त्याला वाटलं.

हॉर्न पुन्हा वाजला. त्याने बोचकं खाली टाकलं आणि दोन बोटं तोंडात घातली. आधी नुसती थुंकी उडाली. मग एक फाटकी, वाकडी शीळ निघाली.

मग तोंड पुसून त्याने आपल्या पाळीची ओ दिली, "हो."